जुळ्यातली कालवड: ठेवायची की काढायची?

प्रवरेचं_पाणी
राम राम मंडळी. आमची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) क्रॉस गाय परवा पहाटे व्याली. तिसरं वेत. आधी गोऱ्हा झाला. त्याला पुसून बाजूला घेतोय तोवर गाय परत कळा द्यायला लागली आणि मागून कालवड आली. दोन्ही वासरं उभी राहिली, चीक प्यायली. कालवड गोऱ्ह्यापेक्षा थोडी बारीक आहे, पण चपळ आहे.

आता घरात वाद पेटलाय. वडील म्हणतात गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड वांझ निघते, तिच्यावर पैसा घालू नको. रेतन करणारा म्हणतो तसलं काही नसतं, जुनी माणसं कायपण बोलतात. माझी अडचण अशी की ही गाय गोठ्यातली सगळ्यात चांगली. पहिल्या दोन वेतांत गोऱ्हेच दिले, तिच्या पोटची कालवड मला हवीच होती. खरं काय आहे? आत्ताच कळायला काही उपाय आहे का, की दोन वर्षं सांभाळून ती माजावर (गाभण राहण्याच्या वेळेवर) येते का याची वाट बघायची?

टवाळ_तात्या
अभिनंदन! आधी पेढे. वांझपणाचं नंतर बघू.

गोठ्यातला_गणित्या
वडिलांचं ऐका. मोजा जरा: दूध पाजणं, खुराक, चारा, जंतनाशक, लसी. दोन वर्षांत ती जेवढं खाईल तेवढ्यात एक चांगली पहिलारू गाय दारात येते.

आजोळ_मिरज
आमच्याकडे जुळ्यातली कालवड होती, तीही गोऱ्ह्याबरोबरचीच. ती व्यवस्थित गाभण राहिली, व्याली, दूधही दिलं. त्यामुळे 'वांझ निघतेच' हे मला पटत नाही. उगाच बिचारीवर शिक्का मारू नका.

पांढरा_कोट
नमस्कार. पशुवैद्यक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पण आधी धागाकर्त्यांना एक प्रश्न: गायीची वार (वासराला गर्भाशयात पोसणारी, व्याल्यावर बाहेर पडणारी झार) पडली का? इथे सगळे कालवडीबद्दल बोलतायत, आणि जुळं झालेल्या गायीची वार अडकण्याची शक्यता एकट्या वासरापेक्षा बरीच जास्त असते. उत्तर द्या.

आता कालवड. वडील बरोबर आहेत आणि आजोळ_मिरज यांचा अनुभवही खरा असू शकतो. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेल्या दर दहा कालवडींपैकी नऊ किंवा त्याहून जास्त वांझ असतात. इंग्रजीत अशा कालवडीला फ्रीमार्टिन म्हणतात.

कारण असं. गायीच्या जुळ्यात बहुतेक वेळा दोन वेगळी बीजं फळतात, पण दोघांच्या वारा गर्भाशयात एकमेकींना चिकटतात आणि त्यांच्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात. गर्भ महिना-सव्वा महिन्याचा असतानाच हे घडतं. म्हणजे तिथून पुढे दोघांचं रक्त एक. नराची वृषणं मादीच्या बीजांडकोशापेक्षा आधी तयार होतात आणि एक संप्रेरक सोडतात, एएमएच नावाचं. नराच्या पोटात गर्भाशय तयार होऊ नये हे त्याचं काम. ते रक्तातून बहिणीकडेही जातं आणि तिचंही गर्भाशय घडू देत नाही. बीजांडकोश खुरटतात, काही वेळा त्यांत वृषणासारख्या पेशी दिसतात. कमळ म्हणजे गर्भाशयमुख नसतं, योनीमार्ग आत थोड्या अंतरावर बंद होतो. बाहेरून मात्र कालवड, निरण म्हणजे बाहेरचं योनीमुख आहे, सड आहेत. त्यामुळे मालक दोन वर्षं फसतो.

उरलेल्या थोड्या कालवडींत वारा चिकटत नाहीत किंवा उशिरा चिकटतात. त्या धडधाकट असतात. मिरजेची त्यातली असणार.

शंकासूर
डॉक्टर, एक शंका. गोऱ्हा पोटातच मेला आणि कालवड एकटीच जन्माला आली तर?

पांढरा_कोट
तरीही होऊ शकतं. दोघांचं रक्त एक झाल्यावर गोऱ्हा गेला, तर जन्मणारं वासरू एकटं असतं पण कालवड वांझ. 'एकटीच झाली होती, दिसायला उत्तम, तरी कधी माजावर आली नाही' अशा काही कालवडींमागे हे कारण असतं. सगळ्यांमागे नाही. खनिज मिश्रण न देणं, कमी वजन, जंत ही कारणं जास्त सापडतात.

टवाळ_तात्या
मी आणि माझी बहीण जुळे. तिला दोन पोरं. माझं अजून लग्न जमत नाही. आमच्याकडे हे प्रकरण उलटं झालेलं दिसतंय.

पांढरा_कोट
तात्या, माणसांत जुळ्या बहीणभावांच्या वारा शेजारी असल्या तरी रक्तवाहिन्या सहसा जोडल्या जात नाहीत. त्यामुळे बहिणीला धोका नव्हता. तुमच्या लग्नाचं कारण वैद्यकीय नसावं.

कोपऱ्यावरची_टपरी
😂😂 हा प्रतिसाद फ्रेम करून ठेवा.

सुलभाताई_वाडीवरच्या
मी शेळ्या पाळते, उस्मानाबादी. आमच्याकडे बोकड-पाट (नर-मादी करडं) असं जुळं नेहमीचंच, आणि त्या पाटी दीड वर्षाच्या आत व्यातात. मग शेळीला हा नियम का नाही?

पांढरा_कोट
चांगला प्रश्न. शेळी-मेंढीत जुळी, तिळी होणं नेहमीचं, पण त्यांच्या वारांतल्या रक्तवाहिन्या क्वचितच जोडल्या जातात. मेंढीत असे प्रकार नोंदले आहेत, पण ते अपवाद.

शेळीत नपुंसक करडू होण्याचं ओळखीचं कारण वेगळंच आहे: बिनशिंगीपणा. सानेनसारख्या युरोपी जातींत शिंगं नसण्याचा गुण आणि मादीच्या अवयवांत बिघाड एकाच जनुकीय दोषातून येतात. बोडका बोकड बोडक्या शेळीला लावला तर काही पाटी अर्धवट नर निघतात. म्हणून जोडीतलं एक तरी शिंगवालं ठेवतात.

सुलभाताई_वाडीवरच्या
अगंबाई! आमचा गावचा बोकड बोडकाच आहे, माझ्या दोन शेळ्याही बोडक्या. सानेन वगैरे नाही, पण बदलूनच टाकते, कशाला विषाची परीक्षा.

माणदेशी_मेंढका
मेंढीचा विषय निघालाच आहे तर. आमच्या माणदेशातली दख्खनी मेंढी एका वेळी एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळ मेंढीतला जुळं देणारं जनुक, फेकबी म्हणतात त्याला, संकरातून दख्खनीत आणलं आणि 'नारी सुवर्णा' तयार केली. गारोळ इवलीशी, पण जुळी देते. तीच मेंढी दोनशे वर्षांपूर्वी जहाजातून ऑस्ट्रेलियात गेली आणि तिथल्या बुरूला मेरिनो नावाच्या मेंढीत हे जनुक तिच्याकडूनच आलं असं मानतात.

सांगायचं एवढंच की मेंढक्याला जुळं म्हणजे लॉटरी, आणि गाईवाल्याला डोकेदुखी. अर्थात जुळं पोसायला मेंढीला चाराही हवा. उन्हाळ्यात रानोमाळ हिंडणाऱ्या कळपाला ते जमेलच असं नाही.

प्रवरेचं_पाणी
@पांढरा_कोट, वार अजून पूर्ण पडलेली नाही. मागे लोंबतेय. दुसरा दिवस आहे. शेजारचे अण्णा म्हणतात टोकाला जुनी चप्पल बांध, वजनाने येते खाली. बांधू का?

पांढरा_कोट
नाही!! चप्पल नको, वीट नको, दगड नको. हाताने ओढू तर अजिबात नका.

गायीची वार गर्भाशयाला ऐंशी-शंभर ठिकाणी गुंड्यांसारखी धरलेली असते. गुंडी आपोआप सुटायला हवी. ओढली तर वार तुटते, तुकडा आत सडतो, गुंडी फाटून रक्त येतं, आणि जोरात ताण बसला तर अंगच, म्हणजे गर्भाशय, बाहेर पडतं. लोंबणारा भाग फार लांब असेल, पायात येत असेल तर निरणापासून वीतभर ठेवून खालचा कापा, बस. ताप मोजा. 103 फॅरनहाइटच्या वर गेला, चारा सोडला किंवा घाण वास यायला लागला की त्याच दिवशी डॉक्टर. जवळ कोणी नसेल तर 1962 वर फोन करा, फिरतं पथक येतं. आणि घरात कॅल्शियमची बाटली पडली असेल तर आपल्या मनाने शिरेतून देऊ नका.

गोठ्यातला_गणित्या
चप्पल बांधायची असेल तर अण्णांच्या तोंडाला बांधा.

शंकासूर
रेतनवाल्याने दोन कांड्या (गोठवलेल्या रेताच्या नळ्या) भरल्या म्हणून जुळं झालं असेल का? आमच्याकडे एक जण गाय उलटू नये (गाभण न राहता परत माजावर येऊ नये) म्हणून कायम दोन भरतो आणि पैसे पण दोनाचे घेतो.

पांढरा_कोट
नाही. कांड्या चार भरा, बीज एकच सुटलं असेल तर वासरू एकच. जुळं होतं ते दोन बीजं सुटली म्हणून. जास्त दुधाच्या एचएफमध्ये हे देशी गायीपेक्षा जास्त दिसतं, आणि पहिल्या वेतापेक्षा पुढच्या वेतांत जास्त.

दोन कांड्यांनी गाभण राहण्याचं प्रमाण वाढत नाही, वेळ साधल्याने वाढतं. गायीने सकाळी माज दाखवला तर संध्याकाळी भरा, संध्याकाळी दाखवला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. बळस, म्हणजे माजात निरणातून येणारा चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ हवा. आणि कांडी द्रव नत्राच्या टाकीतून काढली की 37 अंशाच्या पाण्यात अर्धा मिनिट. खिशात ठेवून, तोंडात धरून किंवा उन्हात हलवून नाही.

कोपऱ्यावरची_टपरी
तोंडात धरून???

गोठ्यातला_गणित्या
टपरी, तू गोठ्यावर आलास ना की तुझा चहा सुटेल.

मॅडिसनकर
मूळचा बारामतीचा, आता अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये. मी सॉफ्टवेअरवाला, पण शेजार सगळा गोठेवाल्यांचा. इथे गोऱ्ह्याबरोबरच्या कालवडीवर कोणी भावुक होत नाही. तपासणी करतात, नाहीतर सरळ मांसासाठी वाढवतात.

पण या वांझ कालवडीची एक गोष्ट सांगतो, नोबेलची. 1945 मध्ये इथल्याच विद्यापीठात रे ओवेन यांनी जुळ्या वासरांचं रक्त तपासलं. दोन वेगळ्या बीजांची वासरं, तरी प्रत्येकाच्या रक्तात दुसऱ्याच्या रक्तगटाच्या पेशी. आणि शरीर त्यांना परकं मानत नाही, आयुष्यभर. पुढे इंग्लंडमध्ये पीटर मेदावार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुळ्या वासरांच्या कातडीचे तुकडे एकमेकांवर लावून पाहिले. हेतू साधा होता, एका बीजाची जुळी कोणती आणि दोन बीजांची कोणती हे ओळखायचं. अपेक्षा अशी की दोन बीजांच्या जुळ्यांत कातडी टिकणार नाही. ती टिकली! तेव्हा ओवेनच्या कामाचा अर्थ लागला. गर्भात ओळख झालेली पेशी शरीर आपली मानतं. पुढे उंदरांवर हे सिद्ध झालं, आणि 1960 चं नोबेल मेदावार आणि बर्नेट यांना मिळालं. अवयव प्रत्यारोपणाच्या शास्त्राचा पाया त्या कामात आहे.

कोपऱ्यावरची_टपरी
भारी. वाखूसाए (वाचनखूण साठवली आहे).

आजोळ_मिरज
माहिती छान, पण मॅडिसनकर, तुमच्याकडे 'सरळ मांसासाठी' म्हणून मोकळे होता येतं. इथे गाय कापायला बंदी जुनीच आहे, आणि 2015 पासून राज्यात बैल-वळूही त्यात आले. म्हणजे वांझ कालवडीचं करायचं काय? गणित्या म्हणतात 'काढा'. काढा म्हणजे कुठे? बाजारात नेऊन दुसऱ्याच्या गळ्यात मारायची, हाच ना अर्थ?

गोठ्यातला_गणित्या
मी गळ्यात मारा असं कुठे म्हणालो? बाजारात जो घेतो त्याला डोळे असतात. विचारेल तर सांगायचं.

आजोळ_मिरज
'विचारेल तर'! गिऱ्हाईक दात बघेल, कास बघेल, चाल बघेल. 'ही जुळ्यातली का' असं कोण विचारतं? माझ्या मेव्हण्याने अशीच एक कालवड आणली होती. अंगाने भरलेली, चकचकीत, बाजारात सगळे वळून बघत होते. घरी आल्यावर माज नाही. औषधं झाली, इंजेक्शनं झाली, शेवटी डॉक्टरांनी हात घालून पाहिलं तर आत गर्भाशयच नाही. विकणारा फोन उचलेना. गर्भाशय का नव्हतं ते आत्ता या धाग्यावर कळलं.

पांढरा_कोट
तुमच्या मेव्हण्यांसारख्यांसाठी: कालवड आठ-दहा महिन्यांची झाली की गुदमार्गातून हात घालून गर्भाशय आणि बीजांडकोश चाचपता येतात. वयात आलेली कालवड विकत घेताना ही तपासणी करूनच घ्या. फी कालवडीच्या किमतीपुढे काहीच नाही.

अंगाने भरण्याबद्दल: मोठेपणी या कालवडी बैलासारख्या दिसायला लागतात, मान जाड, कास नाही. 1779 मध्ये लंडनच्या जॉन हंटर या शल्यवैद्याने अशा गायी कापून त्यांचे आतले अवयव नोंदवले, तेव्हाही तिथे त्या बैलांबरोबर जुवाला जुंपत असत.

शंकासूर
म्हणजे इथेही औताला चालेल?

माणदेशी_मेंढका
एचएफ क्रॉस औताला? ती उन्हात धापा टाकत बसेल आणि मालक नांगर ओढेल.

पांढरा_कोट
परदेशात मोठ्या गोठ्यांवर एक उपयोग करतात. तिला नर संप्रेरकाची इंजेक्शनं देऊन माज ओळखायला सोडतात, ती माजावरच्या गायींवर चढते. त्यातून गाय गाभण राहण्याचा धोका शून्य. पण पाच-सात बांधलेल्या गायींच्या गोठ्यात त्याला अर्थ नाही. तिथे माणसाने सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं बघितलं तरी भागतं.

सुलभाताई_वाडीवरच्या
हल्ली ती मुलीच होणारी कांडी मिळते ना? ती भरली असती तर हा प्रश्नच आला नसता.

पांढरा_कोट
बरोबर पकडलंत. लिंगवर्गीकृत रेतात मादीचे, म्हणजे एक्स शुक्राणू वेगळे काढलेले असतात. वळूच्या एक्स शुक्राणूत वायपेक्षा जवळपास चार टक्के जास्त डीएनए असतो, यंत्र तेवढ्या फरकावर निवडतं. साधारण दहात नऊ कालवडी. आणि जुळं झालंच तर बहुतेकदा दोन्ही कालवडी, आणि दोन कालवडींच्या जुळ्यात वांझपणाची ही भानगड नाही.

पण त्या कांडीत शुक्राणू साध्या कांडीच्या मानाने फार कमी असतात, गाभण राहण्याचं प्रमाण थोडं उतरतं. म्हणून ती निरोगी, वेळेवर माज दाखवणाऱ्या जनावरालाच, शक्यतो कालवडीला भरावी. वारंवार उलटणाऱ्या गायीत वाया जाते.

गोठ्यातला_गणित्या
आमच्याकडे ती महागडी कांडी भरली आणि गोऱ्हा झाला. दहातला तो एक आमच्याच नशिबी.

टवाळ_तात्या
गोऱ्ह्याचं नाव 'अपवाद' ठेवा.

शंकासूर
म्हशीचं काय? आमच्याकडे पंढरपुरी आहेत, माज दाखवतच नाहीत नीट.

पांढरा_कोट
म्हशीत जुळं फार क्वचित, पण रेडकू-पारडीच्या जुळ्यात पारडी वांझ निघाल्याच्या नोंदी आहेत. मुका माज हा वेगळा विषय. रात्री आणि पहाटे बघा, उन्हाळ्यात पाणी मारा. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येईन तिथे.

धागाकर्ते, तुमच्या मूळ प्रश्नाचं व्यावहारिक उत्तर राहिलं. दोन वर्षं वाट बघू नका. कालवड एक ते चार आठवड्यांची असताना डॉक्टरांकडून नळी चाचणी करून घ्या. बोटभर जाडीची, गोल टोकाची, वंगण लावलेली नळी योनीमार्गात हळू सरकवतात. नॉर्मल कालवडीत ती 13 ते 15 सेंटीमीटर जाते, वांझ असेल तर 5 ते 8 वर अडते. स्वतः करू नका, जोर लावला तर आत फाटतं. शिवाय निरणाच्या खालच्या टोकाला केसांचा झुपका आणि आतला दाणा मोठा दिसतो का बघा. खात्री हवी तर रक्त तपासा. भावाच्या पेशी तिच्या रक्तात असतात, म्हणून नराचं वाय गुणसूत्र सापडतं. शिरवळ, परेल, परभणी, उदगीर, नागपूर, जे पशुवैद्यक महाविद्यालय जवळ असेल तिथे विचारा, कुठे सोय आहे ते सांगतील.

प्रवरेचं_पाणी
(पंधरा-वीस दिवसांनी) सगळ्यांचे आभार. वार तिसऱ्या दिवशी आपोआप पडली. मध्ये एक दिवस ताप आला, डॉक्टर येऊन गेले, आता गाय खाते-पिते आणि दूध वाढलंय. चप्पल बांधली नाही.

काल नळी चाचणी झाली. डॉक्टरांनी नळीवर बोट धरून मला दाखवलं, सात सेंटीमीटर. पुढे जाईना. झुपका तर मलाच दिसला, चार-पाच लांब केस खाली लोंबतायत, इतके दिवस लक्षच गेलं नव्हतं. रक्त पाठवलंय. वडील काही बोलले नाहीत, नुसते हसले.

आजोळ_मिरज, तुमचं पटलं. बघायला आलेल्या व्यापाऱ्याला जुळ्यातली आहे हे आधी सांगितलं. त्याने भाव निम्म्याहून खाली आणला, आणि वर 'न सांगता विकली असती तर काय बिघडलं असतं' असंही म्हणाला. दिली नाही अजून.

आजोळ_मिरज
👏 व्यापारी सगळीकडे सारखेच.

शंकासूर
आणि गोऱ्हा? त्याच्या रक्तात पण बहिणीच्या पेशी असणार ना?

पांढरा_कोट
असणार. अशा काही वळूंची प्रजनन क्षमता कमी आढळली आहे, म्हणून रेतासाठी असा वळू निवडत नाहीत. तुमच्या गोऱ्ह्याला तसाही तो मान मिळणार नव्हता.

धागाकर्ते, गायीला दोन महिने तरी घाईने भरू नका. जुळ्यानंतर ती उशिरा माजावर येते, आधी गर्भाशय तपासून घ्या. तेव्हा सगळं ठीक असेल तर सॉर्टेड (वर सांगितलेल्या लिंगवर्गीकृत) कांडीचा विचार करा.

गोठ्यातला_गणित्या
आणि रक्ताचा रिपोर्ट आला की इथे टाका. नळी सातवर अडली म्हणजे माझ्या मते विषय संपला, पण मिरजकरांना कागद लागेल.

आजोळ_मिरज
लागेलच. टाका.